नशिबाने भेटले म्हणे!

दर डिसेंबरला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी 'वीकेंडला काहीतरी हलकंफुलकं सुचवा रे' असं टाकतं, कोणीतरी 'सेरेंडिपिटी' सुचवतं, आणि मग दोन दिवस अर्धा ग्रुप 'नशिबात असेल तो भेटतोच' या विषयावर हळवा होऊन बसतो. सिनेमा २००१ चा आहे, जॉन क्युसॅक आणि केट बेकिन्सेल, दोघंही इतके गोड की त्यांनी नुसता किराणा आणला असता तरी लोकांनी बघितलं असतं. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्क, ख्रिसमसच्या खरेदीची गर्दी, काळ्या हातमोज्यांचा एकच जोड उरलेला आणि त्यावर एकदम पडलेले दोघांचे हात. दोघांचंही आधीच दुसरीकडे जमलेलं. तरी संध्याकाळ एकत्र जाते, मजा येते, तो नंबर मागतो आणि ती म्हणते थांब, आपण नशिबालाच विचारू. मग त्याचा नंबर पाच डॉलरच्या नोटेवर लिहून ती नोट लगेच खर्च करायची, तिचं नाव आणि नंबर मार्केझ या लेखकाच्या एका कादंबरीच्या प्रतीत लिहून ती प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकायची, आणि नोट तिच्याकडे नि पुस्तक त्याच्याकडे आलं तर आपण एकमेकांसाठी बनलोय, नाहीतर रामराम. वर एक लिफ्टचा खेळपण आहे, वेगवेगळ्या लिफ्टमध्ये शिरायचं आणि दोघांनी एकच मजला दाबला तर जमलं. दोघं २३ च दाबतात बरं का, पण त्याच्या लिफ्टमध्ये एक कार्टं सगळी बटणं दाबून ठेवतं आणि चुकामूक होते ती काही वर्षांसाठी.

आपल्याकडे २०१० ला याचं 'मिलेंगे मिलेंगे' झालं, शाहिद आणि करीना, डॉलरच्या जागी पन्नासची नोट. सिनेमा इतका रखडला की थिएटरला लागेपर्यंत नशिबाने जोडलेली ही जोडी खऱ्या आयुष्यात केव्हाच वेगळी झालेली होती. यावर मी काही बोलत नाही.

मला रोमँटिक कॉमेडीचं वावडं नाहीये, उलट घरी सगळ्यात जास्त मीच बघते. पण हा सिनेमा बघून लोक जे म्हणतात ना, की बघ, असतं ते असतंच, ते मला पटत नाही, कारण हा सिनेमा नीट बघितला तर त्यात नशिबाने केलेलं काम फार कमी आहे आणि माणसांनी केलेलं फार जास्त. आणि आपल्याकडे 'योग' म्हणून जे चालतं त्याचंही अगदी तसंच आहे. दोन्हीकडे कोणीतरी ठरवत असतं, आणि ठरवणाऱ्याचं नाव पुढे येऊ नये म्हणून नशिबाचं नाव घेतलं जातं.

बघा ना, वर्षांनंतर त्याचं लग्न तोंडावर आलेलं असताना त्याला त्या हातमोज्यांची पावती सापडते. पावतीवरून दुकानातलं तिचं खातं, खात्यावरून जुना पत्ता, मग एक मित्र सोबतीला घेऊन शहरभर धावाधाव. ती तिकडे सॅन फ्रान्सिस्कोहून विमानाचं तिकीट काढून मैत्रिणीला घेऊन न्यूयॉर्कला येते. याला मी नशीब नाही म्हणणार, याला चौकशी म्हणतात, आणि ती करायला सुट्टी लागते, पैसे लागतात आणि ऐकून घेणारा मित्र लागतो. दुकानदाराला पटवून एका अनोळखी बाईची माहिती काढणं तेव्हा गोड वाटलं असेल, आज मुंबईत कोणी केलं तर मी त्या बाईला सरळ पोलीस स्टेशनचा रस्ता दाखवेन. नको म्हणत असताना बाईचा पाठलाग करणं २०१३ पासून आपल्याकडे वेगळा गुन्हा आहे, पूर्वी आयपीसीचं ३५४ ड होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. सिनेमात तीही त्यालाच शोधत असते म्हणून आपण हसतो. ती शोधत नसती तर तोच माणूस, तीच पावती, तीच धावाधाव, आणि सिनेमा थ्रिलर झाला असता.

आणि ते पुस्तक? ते त्याला कोण आणून देतं माहितीये? त्याची होणारी बायको, हॅली. कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात गेले की हा तीच कादंबरी उचलतो, उघडून बघतो आणि विकत मात्र घेत नाही हे तिने टिपलेलं असतं, म्हणून लग्नाच्या आदल्या गडबडीत ती त्याला भेट म्हणून ती प्रत शोधून आणते, आणि नेमक्या त्या प्रतीत दुसऱ्या बाईचं नाव निघतं. सिनेमा याला चमत्कार म्हणतो, पार्श्वसंगीत वगैरे. मला तिथे एक बाई दिसते जिने आपल्या माणसाची एक बारीक सवय लक्षात ठेवली, त्याला काय हवंय याचा अंदाज बांधला, वेळ काढून वस्तू मिळवली. प्रेम यापेक्षा वेगळं काय असतं हे मला कोणीतरी समजावून सांगा. आणि नेमकी तीच बाहेर! पुढे तिचं काय झालं, हॉल, पाहुणे, तिचे आईवडील, हे विचारायची सिनेमाला गरजच वाटत नाही. तिकडे हिरॉइनचा होणारा नवरा चक्क सनई वाजवणारा दाखवलाय, स्वतःच्या संगीतात इतका बुडालेला की त्याला सोडताना आपल्याला वाईट वाटू नये अशी पूर्ण सोय केलेली. आपल्याकडे लग्नात सनई वाजते, इथे सनईवाल्याचंच लग्न मोडतं.

नशिबाचा खरा उपयोग हा आहे. 'मला तू आवडेनाशी झालीस' किंवा 'मला दुसरी आवडते' हे तोंडावर सांगायला छाती लागते, आणि ऐकणाऱ्याला भांडायचा हक्क मिळतो. 'आम्ही एकमेकांसाठीच बनलो होतो' म्हटलं की संपलंच, भांडणार कोणाशी, विश्वाशी?

आता दादर-डोंबिवलीत या. माझ्या एका मावशीच्या फोनमध्ये बायोडेटांचं फोल्डर आहे, नात्यातल्या सगळ्यांची स्थळं ती जमवते आणि मनापासून जमवते, एक पैसा घेत नाही. वर गणपती, खाली नाव, जन्मवेळ मिनिटासकट, रास, नक्षत्र, नाडी, गण, उंची, पगार, मामांचं आडनाव आणि गाव, आणि शेवटी अपेक्षा, ज्यात मुंबई-ठाणे-पुणे आणि स्वतःचं घर हे सगळ्यांचंच असतं. मावशी काम कसं करते ते बसून बघितलंय. फोटो उघडायच्या आधी आडनाव बघते, आडनावावरून गेली दोन-तीन स्थळं बाजूला. मग घर कुठे, स्वतःचं की भाड्याचं. सेंट्रलवरच्या मुलीला विरार साइडचं स्थळ नको, कारण मुलीची आई म्हणणार दादरला गाडी बदलून माहेरी यायला अर्धा दिवस जाईल. मग पत्रिका. छत्तीसपैकी अठरा गुण तरी हवेत, एकट्या नाडीचे आठ, नाडी एक आली की बाद. एवढ्या चाळण्यांतून जी दोन माणसं उरतात ती एखाद्या कॅफेत समोरासमोर बसतात, कोल्ड कॉफी मागवतात, आणि जमलं तर मावशी म्हणते, 'योग होता गं.' नाही जमलं तर, 'जाऊदे, योग नव्हता.'

आणि पत्रिका न जुळण्याचं रहस्य तर घरोघरी माहीत आहे. मुलीचा रंग आवडला नाही, मुलाचे वडील बोलायला फटकळ वाटले, भावाचं नीट नाही चाललेलं, असलं काहीही असलं तरी निरोप एकच जातो की पत्रिका जुळत नाहीये. समोरच्यालाही कळतं, तोही म्हणतो हरकत नाही. पण पगार भरपूर असला, परदेशातलं असलं, तर तीच एक-नाडी 'हल्ली एवढं कोण बघतं' होऊन जाते. गुरुजी शांत करायचा उपायही सांगतात. म्हणजे ग्रह पगार बघून हलतात. मला यात मावशीचा राग नाही येत, तिने कोणाला फसवलेलं नाही. राग याचा येतो की नकार कोणी दिला आणि का दिला हे कधीच कोणाच्या तोंडून बाहेर पडत नाही, आणि मुलगी मात्र पाच-सात वेळा 'योग नव्हता' ऐकून स्वतःतच काहीतरी कमी आहे असं धरून बसते.

तरुण मंडळींना वाटतं हे सगळं जुनं, आम्ही सोलमेट शोधतो, आम्ही वेगळे. मला नाही वाटत फार वेगळे. पत्रिकेवाला म्हणतो तुझा जोडीदार आधीच ठरलाय, तो कोण हे मी गणित करून सांगतो. सोलमेटवाला म्हणतो तुझा जोडीदार आधीच ठरलाय, तो कोण हे तुला आतून कळेल. दोघांचंही म्हणणं एकच की तुला ठरवायचं नाहीये, फक्त ओळखायचंय. मी अशा मुली बघितल्यात ज्यांनी घरच्यांशी भांडून पत्रिका फेकून दिली आणि मग बॉयफ्रेंडशी चौथ्या महिन्यात वाजलं तेव्हा 'तो माझा सोलमेट नव्हताच' म्हणून ब्लॉक केलं, भांडण कशावरून होतं तर तो रविवारी क्रिकेट खेळायला जातो यावरून.

यावर अभ्यासही झालेला आहे. रेमंड नी नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये नात्यांबद्दलच्या दोन समजुती वेगळ्या काढल्या, एक म्हणजे जोडी मुळातच जुळते किंवा जुळत नाही, आणि दुसरी म्हणजे नातं अडचणींतून वाढवावं लागतं. पहिली समजूत पक्की असलेल्यांचं नातं सुरुवातीला छान वाटलं तर टिकलं, आणि सुरुवातीलाच खटकलं तर पटकन संपलं. म्हणजे त्यांनी निकाल पहिल्या काही आठवड्यांवर लावून टाकला. आता मुंबईत पहिले काही आठवडे काय असतात सांगू? एक जण अंधेरीला, एक कल्याणला, दोघं नऊ तास कामाला, तीन तास प्रवासात, भेट शनिवारी मॉलच्या फूड कोर्टमध्ये जिथे शेजारच्या टेबलावर कोणाचातरी वाढदिवस चाललेला असतो. तिथे आतून काय कळणार? पाय दुखतायत एवढंच कळतं.

बरं, मुळात भेटतं कोण कोणाला? जेम्स बोसार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातले ५,००० लग्नाचे परवाने तपासून १९३२ मध्ये लिहिलं होतं की साधारण एक तृतीयांश जोडप्यांतले दोघं लग्नाआधी एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या आत राहत होते. सगळ्या जगात एकच कोणीतरी तुमच्यासाठी बनलेलं आणि ते नेमकं पलीकडच्या गल्लीत! गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्या कोणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही, आमच्या आधीच्या पिढीतली किती लव्ह मॅरेज कॉमन गॅलरीत जमली. एकच नळ, एकच जिना, गणपतीच्या आरतीला सगळे एकत्र, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा आवाज चांगला आहे हे वर्षानुवर्षं ऐकून कळलेलं, त्याची आई कशी आहे हेही कळलेलं, तो भांडताना कसा वागतो तर तेपण अख्ख्या मजल्याला माहीत. तिथे कोणी चाचणी घेत नव्हतं, वेळ जात होता आणि माणूस दिसत होता. त्याच चाळीच्या जागी आता टॉवर आलाय, लिफ्ट आहे, आणि लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये बघतात. (आणि चाळ फार रम्य होती असं मला म्हणायचं नाहीये, संडासाची रांग मी विसरलेले नाही. आणि त्या गॅलरीतही दुसऱ्या जातीतलं जमलं की काय व्हायचं तेही माहितीये.)

जातीवरून आठवलं. इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हेच्या २०११-१२ च्या फेरीत देशातली आंतरजातीय लग्नं साधारण ५ टक्के निघाली होती. नशीब जर खरंच कुठेही कोणाचीही गाठ बांधत असतं तर ते इतकं शिस्तीत जातीतल्या जातीत कसं चालतं बुवा? म्हणून मला वाटतं की नशिबाची ही गोष्ट दिसते तितकी निरागस नाहीये. जिथे शंभरातली पंचाण्णव लग्नं आडनाव बघून होतात तिथे 'गाठी वरूनच बांधलेल्या असतात' म्हणणं हे त्या चाळणीवर पांघरूण घालणं आहे.

या शहरात तर नशिबाला काम करायला जागाही ठेवलेली नाही. सिनेमातली जोडी बर्फावर स्केटिंग करत बसते, कोणी त्यांना उठवत नाही. इथे बँडस्टँडच्या खडकांवर उन्हात छत्री उघडून बसतात मुलं, छत्री उन्हासाठी कमी आणि लोकांच्या नजरेसाठी जास्त. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्साच्या हॉटेलांतून पोलिसांनी चाळीसच्या आसपास जोडप्यांना उचललं होतं, सज्ञान माणसं, पैसे भरून घेतलेल्या खोल्या, आणि कलम कुठलं तर सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. २०२१ मध्ये बोरिवलीत एका सोसायटीसमोरच्या रस्त्यावर रहिवाशांनी 'नो किसिंग झोन' असं रंगवून ठेवलं होतं. रहिवाशांचं मी समजू शकते, रोज खिडकीखाली कोणीतरी बसलेलं असलं की वैताग येतो. पण ती मुलं जाणार कुठे हा प्रश्न रंगाने मिटत नाही. घरात एका खोलीत पाच माणसं, बाहेर पोलीस, सोसायटीत सेक्रेटरी, आणि वर सगळ्यांचं म्हणणं की लग्न करताना माणूस नीट पारखून घ्या. कुठे बसून पारखायचं?

सिनेमातली ती नोटेची चाचणी मुंबईत लावायची म्हटली तरी पंचाईत आहे म्हणा. वडापाववाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे क्यूआर कोड पुढे करतात, नोट फिरणार कशी. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर पुस्तकांचा ढीग उपसत बसलात तर दोन मिनिटांत तो विचारणार, 'कौनसा चाहिए, नाम बोलो.' त्याला काय सांगणार, कुठलंही चालेल, फक्त आत एका मुलीचा नंबर हवा?

ग्रुपवर हे सगळं थोडक्यात लिहिलं तर एकीने लिहिलं, अगं सिनेमा आहे, मजा घे ना, सगळ्यात काय विचार. दुसरीचं म्हणणं जास्त वजनाचं होतं. ती म्हणाली माझा घटस्फोट झाला तेव्हा 'योग नव्हता' या दोन शब्दांवर मी ते वर्ष काढलं, ते पण काढून घेणार का? नाही बाई, ते ठेव. झालेल्या गोष्टीचं ओझं खाली ठेवायला माणसाने नशिबाचा आधार घेतला तर त्यात कोणाचं काही जात नाही. माझा वाद व्हायच्या गोष्टींबद्दल आहे. स्थळ नाकारताना, ठरलेलं मोडताना, बाजूला बसलेल्या हॅलीला उठवताना नशिबाला पुढे करू नये, तिथे 'मी ठरवलंय' म्हणावं आणि पुढची शिवीगाळ ऐकून घ्यावी. मावशीलाही मी सांगितलंय की माझ्या नावाने कोणाला पत्रिकेचा निरोप द्यायचा नाही, मला पटलं नाही असाच द्यायचा. तिने दिला. त्या घरचे रागावले, मग मुलाने स्वतः मेसेज करून कारण विचारलं, मी सांगितलं, तो म्हणाला ओके, थँक्स. जग बुडालं नाही.

आणि जे खरंच स्वतः ठरवतात त्यांचं आपण काय करतो तेही बघा. दोन धर्मांतल्या दोघांना धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात आधी नोटीस द्यायची, ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावणार, आणि तीस दिवस कोणीही येऊन हरकत घेऊ शकतो. हरकतीची कारणं कायद्यात ठरलेली आहेत, आधीचं लग्न, वय वगैरे, पण ती नोटीस बघून घरच्यांना फोन करायला कोणाला कुठलं कारण लागतं? वर डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने अशा लग्नांवर लक्ष ठेवायला समन्वय समिती काढली, सुरुवातीला त्यात आंतरजातीय लग्नंही घातली होती, ओरड झाल्यावर ती वगळली आणि आंतरधर्मीय तेवढी ठेवली. इथे कोणी 'योग असेल तर होईल' म्हणत नाही. इथे सगळ्यांना अचानक चौकशी हवी असते, पत्ते हवे असतात, आईवडिलांची संमती हवी असते. दोघं हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अशी महिनाभर आधी नोटीस लावायची अट नाही, आज मुहूर्त काढून उद्या हॉल मिळाला तर उद्या लग्न करता येतं. सज्ञान माणसं दोन्हीकडे सारखीच आहेत, मग यांनाच महिनाभर भिंतीवर का टांगायचं, याचं सरळ उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.